काल सकाळपासून सांगा

परवा रूपालीचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मधेच म्हणाली, "आई, तुमच्या ऑफिसातल्या त्या अनघा मॅडम आता कुठं असतात गं?"

मी म्हणाले, "मला काय माहीत."

फोन ठेवला आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. इतक्या वर्षांनी माझ्या पोरीला मॅडमची आठवण येते, आणि ती येते याचा मला राग येतो. हा राग नेमका कशाचा ते लिहून बघावं म्हणून ही डायरी काढली. दर दिवाळीला ऑफिसात डायऱ्या उरतात, त्यातलीच आहे. ती कोणाला दाखवायची नाही.

तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. पण मनात ती मला कायम 'ती'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते. वयानं ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती.

आमचं ऑफिस सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर. पाच खोल्या, वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांसमोर कॉम्प्युटर. दुकानांसाठी, गिरण्यांसाठी, दवाखान्यांसाठी इथं प्रोग्रॅम बनतात. मी झाडलोट, पाणी आणि चहा बघते. शिक्षण चौथी. खुलताबादकडच्या आमच्या वाडीवर शाळा चौथीपर्यंतच होती, त्यानंतर मेंढरं. वाचायची सवय मात्र ऑफिसातल्या पेपरांमुळं राहिली. बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. दोन अनोळखी माणसं समोर आली तरी माझ्या तोंडाला कुलूप लागतं.

ती रुजू झाली तेव्हा तिचं काम काय, हे मला बरेच महिने कळलं नाही. बाकीची पोरं दिवसभर खुर्चीला चिकटलेली. ही मात्र दिवसाआड बाहेर. आली की पायात धूळ, खांद्याला झोळी, आणि झोळीत आडव्या रेघांची वही. एक दिवस मी इम्रानला विचारलं. इम्रान प्रोग्रॅम लिहिणारा, शहागंजचा पोरगा, मला मौसी म्हणायचा.

"मौसी," तो म्हणाला, "जिसको सॉफ्टवेअर होना रहता ना, उसकोच नै मालूम रहता क्या होना. मॅडम जाती, उसके पेट में से निकालती, कागज पे लिखती. फिर हम बनाते. और मॅडम फिरसे जाती, फिरसे कुछ निकालती, और हम फिरसे बनाते. ऐसीच जिंदगी जा री."

त्या कागदाला ऑफिसात रिक्वायरमेंट म्हणत. तो कागद नक्की झाला की त्यावर सही व्हायची आणि मग पोरं कामाला लागायची.

तिच्या सवयी सांगते. पेन वापरायची नाही, पेन्सिल वापरायची. पेन्सिल ब्लेडनं तासायची, टेबलावरच. तासलेलं सगळं फुंकर मारून खाली पाडायची आणि मग मी तिथंच उभी असले तर जीभ चावायची. म्हणायची, "अरे देवा, कौसाबाई, उद्यापासून कागदावर तासीन." ते उद्या कधी आलं नाही. चहा गरम कधी प्यायली नाही. कप समोर ठेवला की "हो हो" म्हणायची आणि लिहीत राहायची. तासाभरानं तोच थंड चहा एका घोटात संपवून माझ्याकडं बघून म्हणायची, "फक्कड!" साय आलेला चहा फक्कड कसा लागतो? मला वाटायचं, ही माझ्या तोंडावर गोड बोलते. पण तिला खरंच कळत नसायचं. जेवताना डब्यात कोणती भाजी आहे हेसुद्धा तिला झाकण उघडल्यावर आठवायचं. पालीला भयंकर भ्यायची. पाल दिसली की खुर्चीवर चढून उभी राहायची, आणि मी पाल हाकलेपर्यंत वरूनच विचारायची, "गेली का? कुठून गेली? परत त्याच वाटेनं येते का?" पालीचीसुद्धा तिला माहिती पाहिजे.

कोणाशी बोलायला गेली की ती त्या माणसापेक्षा खाली बसायची. तो स्टुलावर तर ही पायरीवर, तो पायरीवर तर ही जमिनीवर. आणि "तुम्हाला काय पाहिजे?" असं कधी विचारायची नाही. "काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा," एवढंच म्हणायची. नव्या पोरांना सांगायची, "काय पाहिजे विचारलं की माणूस साहेबासारखा बोलायला लागतो. काल काय केलं विचारलं की स्वतःसारखा बोलतो."

बोलून झालं की लिहिलेलं परत वाचून दाखवायची. मग विचारायची, "काही राहिलं का?" माणूस नाही म्हणायचा. थोडा वेळ थांबून पुन्हा, "काही राहिलं का?" आणि उठता उठता तिसऱ्यांदा. तिचं म्हणणं, खरी गोष्ट तिसऱ्या खेपेला निघते.

आणि ऑफिसात मीटिंग असली, कोणी म्हणालं की लोकांना असं असं लागतं, की हिचा प्रश्न ठरलेला. "कोणी सांगितलं? नाव सांग." तिच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढं एक खण असायचा, सांगणाऱ्याच्या नावाचा. नाव नसलं की ती ओळ खोडायची. इम्रान तिची नक्कल करायचा. कोणी म्हणालं "आज ऊन लई आहे," की हा मान तिरकी करून म्हणायचा, "कोणी सांगितलं? नाव सांग." सगळे हसायचे. ती सगळ्यात जास्त.

बिडकीनकडच्या एका कापसाच्या जिनिंगचं काम आलं होतं, तिथली गोष्ट इम्राननं मला कप विसळता विसळता सांगितली. मालकानं केबिनमध्ये बसवून तिला सगळं समजावून दिलं. कापसाची गाडी येते, काट्यावर वजन होतं, नोंद होते, गाडी रिकामी होते. दोन पानांत काम झालं असतं. पण ही दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन हमालांत बसली. तिथं एक म्हातारा होता. गाडी आली की तो कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, बोटांनी ताणायचा आणि गाडीच्या फळीवर खडूनं रेघ मारायचा. कधी एक, कधी दोन, कधी आडवी. कोणती गाडी कोणत्या ढिगाला जाणार ते त्या रेघेवर ठरायचं. मालकाला हे माहीत होतं, पण सांगायचं सुचलं नव्हतं. त्याला ते काम वाटतच नव्हतं. तिनं म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, काल सकाळपासून सांगा." म्हातारा दोन दिवस बोलत होता.

"उस बुढ्ढे की वजह से मेरा पंधरा दिन का काम पानी में गया," इम्रान म्हणाला. पण म्हणताना त्याचं तोंड हसरं होतं. तिच्यामुळं काम वाढलं तरी कोणाला तिचा राग यायचा नाही. मला यायचा.

कधीपासून यायचा तेही आठवतं. तीन नवीन पोरं लागली होती. त्यांना शिकवायचं म्हणून तिनं सांगितलं, "कौसाबाई आपल्याला चहा देतात, त्याचा कागद लिहून आणा." पोरांनी चार ओळी आणल्या. पाणी उकळणे, साखर-पत्ती-दूध घालणे, गाळणे, वाटणे. तिनं वाचल्या आणि मला बोलावलं. मी भिंतीला टेकून उभी. ती खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली. सगळ्या पोरांसमोर.

"कौसाबाई, काल सकाळपासून सांगा."

मी काय सांगणार? खाली बघून अडखळत बोलले असेन. मोठ्या सरांचा बिनसाखरेचा आधी काढते. इम्रानचा रोजा असला की त्याच्या टेबलाजवळून ट्रे नेत नाही, पलीकडून नेते. लाइट गेली की पोरं चिडलेली असतात, तेव्हा चहा लवकर टाकते. कोणी फोनवर भांडत असलं की कप हातात देत नाही, बाजूला ठेवते. एवढंच. तेही तिनं तीन-तीनदा "काही राहिलं का?" विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याची दोन पानं करून आणली आणि उभं राहून वाचली. प्रत्येक ओळीपुढं 'कौसल्या' लिहिलेलं. वाचून झाल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठे सर म्हणाले, "कौसाबाई, आम्हाला माहीतच नव्हतं बुवा." इम्राननं ती पानं भिंतीला चिकटवली.

सगळ्यांना वाटलं मला आनंद झाला. थोडा झालाही. पण मोरीत मी एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होते. इतकी वर्षं ते काम मी करत होते आणि कोणाला ते दिसलं नव्हतं. तिच्या तोंडून निघाल्यावर दिसलं. माझंच काम मला तिच्या आवाजात जास्त चांगलं वाटलं. पुढं पावसाळी हवेनं चिकटपट्टी सुटली आणि ती पानं खाली पडली. मी ती केरात भरली. कोणी विचारलं नाही.

त्यानंतर दुष्काळाचं ते वर्ष आलं. जायकवाडी तळाला गेलं होतं. शहर मात्र वाढतच होतं, बायपासच्या पलीकडं रोज नवीन प्लॉट पडत होते. आम्ही शहराजवळच्या सातारा डोंगराच्या पायथ्याला राहतो. तेव्हा तिथं ना नळ होता ना घरांना नंबर. टँकर हाच नळ. घरापुढं निळे ड्रम मांडलेले असायचे.

आमच्या वस्तीत दोन गल्ल्या, खालची आणि वरची. मी वरच्या गल्लीत. चढ बराच आहे. टँकर दिवसाआड यायचा आणि एकच यायचा. चालक बाबूभाई खालच्या गल्लीत अर्धा टँकर रिकामा करायचा, मग गाडी वर चढवून उरलेला अर्धा आम्हाला द्यायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. खालच्या-वरच्या बायांची एकदा जुंपली होती, डोक्यात कळशी घालायची वेळ आली होती, तेव्हा बाबूभाईनंच तोडगा काढला होता. ठेकेदाराचा नियम होता, एक गाडी एकाच ठिकाणी रिकामी करायची. बाबूभाई तो मोडायचा. पाणी पोचल्याच्या चिठ्ठीवर सही कोणाचीही घ्यायचा आणि भागायचं.

त्या ठेकेदाराचंच काम आमच्या ऑफिसात आलं. किती गाड्या, कुठं जातात, कधी रिकाम्या होतात, सगळं चालकाच्या मोबाइलवर घ्यायचं होतं. मोठे सर तिला म्हणाले, "आपल्या कौसाबाई टँकरच्याच वस्तीत राहतात. त्यांच्याबरोबर जाऊन या."

मी तिला बसनं नेलं. रस्ताभर मला वाटत होतं, वस्तीतल्या बाया हिच्यापुढं बोलायच्या नाहीत. त्या माझ्याशी तरी कुठं बोलतात? गयाबाई माझी शेजारीण, वर्षानुवर्षं तोंड वाकडं करून जाणारी. मी शहरात ऑफिसात जाते म्हणून तिला मी शिष्ट वाटायचे. मी लाजते, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नाही.

ती गयाबाईच्या उंबऱ्याखाली मातीत बसली.

"अगं बाई, माती लागंल ना लुगड्याला!" गयाबाई म्हणाली. ड्रेसलाच ती लुगडं म्हणाली.

"लागू द्या. मावशी, काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा."

"काय करनार? ड्रमावर बसले. टँकरची वाट बघत बघत म्हातारी झाले, आनि काय!"

बाया हसल्या आणि जमल्याच. कोणी गूळ आणला, कोणी चटई. ती चटईवर बसली नाही. ड्रम कोणाचा कुठं, झाकणाला दोरी का, गाडीचा आवाज कसा ओळखतात, लहान लेकराला कोणाकडं ठेवतात. ज्या गोष्टी त्यांनी मला कधी सांगितल्या नव्हत्या त्या सगळ्या सांगितल्या. गयाबाईचा मुलगा तिच्याशी बोलत नाही हे मला त्या दिवशी कळलं, दारासमोर दार असून. निघताना गयाबाईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "लई गुनाची लेक हाय," म्हणाली, आणि माझ्याकडं बघून, "ही बघ, चार बुकं शिकली तरी कशी बोलती!"

म्हणजे मी शिकले नाही तरी बोलत नाही, असं.

रूपाली तेव्हा नववीत. ती मॅडमची झोळी खांद्याला लावून दिवसभर मागं मागं हिंडत होती. संध्याकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मला मॅडमसारखं व्हायचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याकडं बघून ते कधी आलं नव्हतं.

खाली हायवेला रिक्षाच्या थांब्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. तिनं वही काढली. "कौसाबाई, एकदा ऐका." आणि वाचायला लागली. टँकर दिवसाआड येतो. चालक ठिकाणावर आला की फोनवर बटण दाबतो. एक टँकर, एक ठिकाण. रिकामा झाला की दुसरं बटण, आणि गाडी परत भरायला जाते.

मी ऐकत होते. चूक होती ते मला लगेच कळलं. खालच्या बायांनी सांगितलं होतं, आमच्याकडं टँकर येतो. वरच्यांनीही सांगितलं, आमच्याकडं येतो. दोन्ही खरंच होतं. टँकर एकच आहे हे सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाबूभाई नियमाच्या भीतीनं गप्प बसला होता. तिनं दोन गल्ल्यांना दोन टँकर धरले होते, आणि वरच्या गल्लीचा टँकर ठेकेदाराच्या यादीत कुठंच नव्हता.

"बरोबर लिहिलंय ना?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"काही राहिलं का?"

"नाय."

तिनं पेन्सिलीनं कान खाजवला. "काही राहिलं का, कौसाबाई?"

"नाय, मॅडम."

रिक्षा आली. एक पाय आत ठेवून तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

का म्हणून? आज इतक्या वर्षांनी विचार केला तरी एकच उत्तर सापडतं. दिवसभर सगळ्यांनी तिला सगळं दिलं होतं. माझ्याजवळ एक गोष्ट उरली होती. ती मला द्यायची नव्हती. पुढं काय होईल याचा मी विचारच केला नाही. मला फक्त एवढं वाटलं की तिच्या कागदात एकदा तरी भोक असावं, आणि ते मला माहीत असावं.

महिन्याभरात ते मोबाइल चालकांच्या हातात आले. बाबूभाईनं खालच्या गल्लीत गाडी लावली, बटण दाबलं आणि अर्ध्यावर पाणी बंद केलं. गाडी वर चढायला लागली तसा ठेकेदाराच्या माणसाचा फोन. गाडी उभी असायची सोडून चालली कुठं? पाणी विकतो काय? बाबूभाई वरच्या गल्लीच्या तोंडापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाभी, अब नै होता. सब दिखता उनको." आणि गाडी वळवून खाली गेला.

दहा दिवस वरच्या गल्लीला पाणी नव्हतं. खालच्या बाया आपले ड्रम भरून झाले की आम्हाला हंडा-दोन हंडे द्यायच्या, तेही ऐकवून. आम्ही ते चढावरून वर न्यायचो. मीही नेत होते. रूपालीची शाळा दोन दिवस बुडाली. सहाव्या दिवशी गयाबाई हंड्यासकट घसरली आणि तिचं मनगट मोडलं. ती रस्त्यात बसून रडत होती, हातासाठी नाही, पाणी सांडलं म्हणून. मी तिचा हंडा उचलला. ती म्हणाली, "राहू दे गं, तुला ऑफिसला उशीर होईल." इतकं मऊ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

तरी मी ऑफिसात तोंड उघडलं नाही. आता उघडलं असतं तर आधी का नाही, हे सांगावं लागलं असतं.

नवव्या दिवशी तिनंच मला धरलं. चहा ठेवताना कप बशीत वाजला. तिनं वर बघितलं. वही मिटली.

"कौसाबाई, बसा. काल सकाळपासून सांगा."

"पाणी वाहिलं."

"कुठून?"

"खालच्या गल्लीतून."

"खालच्या गल्लीतून का? तुमचा टँकर?"

मी ट्रे उचलला. ती तशीच उठली. त्या दिवशी तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा चहा गरम असताना कपाला हात लावला, प्यायला नाही, वाटेत होता म्हणून बाजूला सारायला. रिक्षा करून ती वस्तीवर गेली. चढाच्या पायथ्याला दगडावर बसून बाबूभाईला थांबवलं. त्याचं नाव कागदावर येणार नाही असा शब्द दिला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ठेकेदाराला तिनं काय सांगून पटवलं मला माहीत नाही. दोन दिवसांत इम्राननं फोनमध्ये 'दुसरं ठिकाण' असं बटण घातलं आणि टँकर परत वर चढायला लागला.

मग मीटिंग झाली. ठेकेदाराचा माणूस आला होता, मोठे सर होते. मी चहाचा ट्रे घेऊन आत होते.

"तुम्ही स्वतः दिवसभर तिथं जाऊन आला होता," सर म्हणाले. "मग हे सुटलं कसं?"

"माझं विचारायचं राहिलं," ती म्हणाली.

"कोणाला वाचून दाखवलं होतं की नाही?"

"चूक माझी आहे, सर."

दुरुस्तीच्या कागदावर सांगणाऱ्याच्या खणात तिनं स्वतःचं नाव लिहिलं. कारणाच्या खणात लिहिलं, 'हा प्रश्न पहिल्या वेळी विचारला नाही.' मी टेबल पुसताना वाचलं. विचारला होता. तीनदा विचारला होता. मला वाटलं, हिला सगळं कळलंय आणि ही मला वाचवते आहे. मग तर माझी अजूनच आग झाली. चूक अंगावर घेऊनसुद्धा ही बारीक होत नाही. त्या खोलीतून ती आत गेली तशीच बाहेर आली, उलट इम्राननं तिच्यासाठी खुर्ची सरकवली. मी एवढं पाप पोटात घेऊन हिंडत होते आणि तिनं ते एका ओळीत उचलून स्वतःच्या नावावर घेतलं, जसं काही ते हलकंच होतं.

पण हलकं नव्हतं. बिडकीनकडच्या नव्या कारखान्यांचं मोठं काम तिला मिळणार होतं, ते सरांनी दुसऱ्याला दिलं. वर्षाच्या आत तिनं पुण्याची नोकरी धरली.

तिचा शेवटचा दिवस. पोरांनी केक आणला, इम्राननं शेवटची नक्कल केली, ती हसून हसून डोळे पुसत होती. सगळे जागेवर गेल्यावर मी तिच्यामागं जिन्यापर्यंत गेले. जन्मात मी कोणाला अडवलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही विचारलं होतं. थांब्यावर. मला माहीत होतं टँकर एकच आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी भरभर वाचलं म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. मी स्वतःला इतके महिने तेच सांगत होते. माणसाला कळेल असं वाचायला शिक म्हणून."

म्हणजे ती मला वाचवत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं चूक तिची.

"का पण?" तिनं विचारलं.

"तुम्हाला समदे सांगतात," मी म्हणाले. "माझी पोरसुद्धा."

मला वाटलं ती आता पाठीवर हात ठेवेल. तशीच होती ती. गयाबाईजवळ बसली तशी इथंही जिन्यावर बसेल, म्हणेल, जाऊ द्या कौसाबाई. तिचा चेहरा मात्र लाल झाला. ओठ घट्ट मिटले. मग ती बोलली, हळू, पण एकेक शब्द वेगळा करून.

"त्या बाईचा हात मोडला, कौसाबाई. दहा दिवस तुमच्या गल्लीनं पाणी वाहिलं. तुमच्या रूपालीनं वाहिलं. माझ्यावर राग होता तर माझ्या तोंडावर मला बोलायचं होतंत. चहात मीठ घालायचं होतंत. हे काय केलंत तुम्ही?"

चहात साखर जास्त झाली म्हणून, फरशी ओली राहिली म्हणून मला ऑफिसात पुष्कळ जण बोलले आहेत. असं कोणी बोललं नव्हतं. मी काहीतरी मोठं करू शकत होते आणि केलं नाही, म्हणून माझ्यावर चिडणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

ती झोळी खांद्याला लावून जिना उतरली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रिक्षा उभी होती. ती आत बसली, झोळी मांडीवर घेतली. रिक्षा लवकर सुरू होईना. रिक्षावाल्यानं दांडा ओढला, परत ओढला, खाली उतरून काहीतरी हलवलं, परत ओढला. तेवढा सगळा वेळ मी वर आहे हे तिला माहीत होतं, आणि तिनं एकदाही वर बघितलं नाही. सरळ समोर बघत, हनुवटी वर करून बसली होती. मला कधी कोणावर इतकं उघड, इतकं ताठ बसून रागावता आलं नाही. गाडी सुरू होऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत मी त्यासाठीही तिचा हेवा करत उभी होते.